कुंकवाची पुडी

चिकपेट, बेंगळुरू
६ जानेवारी २०२५

चि. सौ. स्मृतीस,

अहल्या दोड्डम्माचे, तुझ्या थोरल्या चुलत सासूचे, अनेक आशीर्वाद. मी इकडे बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही, आणि गुडघ्यांची तक्रार ऐकायला घरात कुणी नाही. आनेकलला थंडी इथल्यापेक्षा जास्त असेल. तुझ्या सासूला, भाग्यलक्ष्मीला, सकाळी कान बांधायला सांग. मी सांगितलं असं मात्र म्हणू नकोस.

मोबाईलवर तू विचारलंस, "दोड्डम्मा, ऑनलाइन दुकान काढतेय, सुरुवातीला काय काय विकू नको ते सांगा." काय विकावं हे गल्लीतलं कुणीही सांगतं. काय विकू नये हे हात पोळलेल्या बाईला विचारावं, एवढी अक्कल पुण्याहून घेऊन आलीस, बरं वाटलं. टाइप करत बसले तर माझी संक्रांत उलटून जाईल, म्हणून कागद घेतला.

तर ऐक. काचेच्या बांगड्या नकोत. डझनातल्या दोन फुटल्या की बाई सगळ्याच परत पाठवते, आणि येताना उरलेल्या फुटतात. शिवलेले ब्लाउज तर नकोच नकोत. कुठलीही बाई स्वतःचं माप खरं सांगत नाही, मीही सांगत नाही. लोणच्याला सरकारी परवाना लागतो, शिवाय बरणी वाटेत गळली तर दुसऱ्याच्या पार्सलाचंही लोणचं होतं. मोठ्या कंपनीचा नकली माल कुणी स्वस्तात देऊ लागला तर त्याला घरात बसवूसुद्धा नकोस. आणि फोटोत एक, उन्हात दुसराच दिसतो असा रंग घेऊ नकोस. दुरून डोंगर साजरे, पण साडी लोक जवळून नेसतात.

साधे खण घे, सुती साड्या घे. मीही तेच विकत होते.

मग माझं दुकान का बंद पडलं, हे तू विचारलं नाहीस. तुझा चांगुलपणा. घरात तुला जे सांगितलं असेल ते अर्धं खरं आहे. माल चांगला होता. पण मी प्रत्येक पार्सलात हळदीकुंकवाच्या पुड्या घालायचे. बाईच्या हाती नवं कापड नुसतं कसं द्यायचं? आपल्यात देत नाहीत. पुड्या कागदाच्या. कुरिअरच्या गोणीत दाबल्या गेल्या, फुटल्या, आणि मोतिया साडीवर हा एवढा लाल डाग. पहिली साडी परत आली तेव्हाच थांबायला हवं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला अकरा साड्या लागल्या. शेवटी ज्या कंपनीच्या ॲपवर मी विकत होते, तिने माझं दुकान काढून टाकलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

तुझा नवरा तेव्हा मला फोटो काढून द्यायचा. रणजीत म्हणाला होता, "दोड्डम्मा, स्वल्प ऐका की. पुडी घालू नका." मी "सरी, बरं" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी दुहेरी कागदात बांधून घातलीच.

का, ते त्याला सांगितलं नाही. तुला सांगते.

आमचे हे, प्रतापराव, गेल्याला चार वर्षं झाली. त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी साडी इस्त्री करून ठेवली होती, इतकी मी बावळट. तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला पस्तीस वर्षं मी वाण वाटलं, आणि त्या वर्षी बोलावणं आलं नाही. दुसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मी तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. उंबऱ्याबाहेरूनच दिला. "अक्का, तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून बोलावलं नाही," म्हणाली. मी म्हटलं, बरं केलंस. मग तो डबा धुतला आणि रिकामा परत पाठवला. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, साखरेची चिमूट तरी घालतात. दोघी जावांना हे ठाऊक आहे. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

त्याच वर्षी पार्सलं सुरू झाली. वरती नावं यायची. कस्तुराबाई, धारवाड. मथुरा, बेळगाव. पाठवणारीचं कपाळ कसं आहे, हे त्यांना कुठून दिसणार? एकदा हुबळीच्या गंगव्वा नावाच्या बाईने कन्नडात लिहिलं, साडी नेसायच्या आधी तुमचं कुंकू लावलं, अक्का. ते वाचून मी रडले गं. दिवसभर कुणाला तरी दाखवावंसं वाटत होतं, दाखवायला कुणी नव्हतं. धंदा बुडणार हे मला कळत होतं. पण मी साड्या विकतच होते ते त्या पुडीसाठी.

सतरा तारखेला तुझं दुकान सुरू होतंय आणि त्याच संध्याकाळी घरी हळदीकुंकू आहे, हे रणजीतच्या तोंडून निसटलं. त्याला रागावू नकोस. तू मोबाईलवर हळदीकुंकवाचं तेवढं सोडून सगळं लिहिलं होतंस. तू घरात नवी आहेस, तुझ्यावर राग नाही. वाईट मात्र वाटलं.

सोबत हिरवा खण पाठवतेय. आत कुंकू आहे. या वेळी प्लास्टिकच्या डबीत, झाकणाला टेप, वरून पिशवी. डाग पडणार नाही, मी पार्सल दोनदा जमिनीवर आपटून पाहिलंय. लावायचं की नाही ते तू ठरव. सासूला विचारून ठरवलंस तरी चालेल. नको असेल तर परत पाठव, परत आलेलं घ्यायची मला सवय आहे.

आणि भाग्यलक्ष्मीला एक सांग, या वेळी माझं नाव घेऊन सांग. तिचा डबा रिकामा पाठवला, ते माझं चुकलं.

पत्ता पार्सलाच्या मागे लिहिला आहे. आनेकलची बस मार्केटपर्यंत येते, तिथून माझं घर चालत दहा मिनिटं. तिकडून इकडे तेवढंच, आणि इकडून तिकडेही तेवढंच.

तुझी,
बोलावल्याशिवाय न येणारी,
अहल्या दोड्डम्मा