फ्रेम गळतात ती जागा

आबा,

दादाच्या लग्नाची कॅसेट अन् कॅमेरा घेऊन मी बारामतीला चाललेय, घरात हुडकत बसू नका. तितं दुसऱ्या कॅमेऱ्यात लावून बघते. संध्याकाळच्या एसटीनं निमगावात परत येते. भाकरी टोपल्यात हायत, वांग्याचं कालवण तेवढं तापवून घ्या.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना सारख्या फ्रेम गळायच्या, चित्र मधीच उडी मारून फुडं जायचं. मी नेट बंद केलं, वायर बदलली, मोकळी डिस्क लावली. बाकी सगळं लग्न नीट उतरलं. फक्त दारात वहिनीवरून भाकरतुकडा ओवाळून आई कॅमेऱ्याकडं बघून हसते, तितंच तुटतं. काल समजलं, दोष कॉम्प्युटरचा न्हाय. त्या जागची टेपच झिजलीय. आई गेल्यापासनं तुमी तेवढंच मागं फिरवून फिरवून बघता, मला ठावं हाय.

दादाला मी कॉम्प्युटर बिघडलाय असंच सांगितलंय. तुमीबी तेच म्हणा.

बारामतीतबी न्हाय निघालं, तर आई भाकरतुकडा ओवाळंल अन् एकदम घरात गेलेली दिसंल. मधलं हसणं मग तुमच्यापाशीच राहील, आबा. कशी हसली ते मला सांगत जावा.

छकुली