उदगीरच्या दुकानात एकच साडी

मु. उदगीर

तीर्थरूप शेषेराव मामांच्या चरणी जावई दयानंदचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे मी खुशाल आहे, तिकडं कंधारची खुशाली कळवावी. मामींचे गुडघे काय म्हणतात? विहिरीला पाणी टिकलंय ना? सुकन्या माहेरी आल्याला बरेच दिवस झाले, पण तिची मी चौकशी करत नाही, कारण या पत्राचा विषय ती नाही. विषय उद्योगाचा आहे.

त्याचं असं झालं, लातूरला माल भरायला गेलो होतो, तिथं एका हॉलमध्ये व्याख्यान होतं: एका द्रष्ट्या उद्योजकाचं जीवन आणि सवयी. (नाव लिहीत नाही, तुम्ही ‘कोण कुठला’ म्हणून पत्र बाजूला ठेवाल. जेवण फुकट होतं म्हणून बसलो, हे खरं आहे.) तो माणूस म्हणे रोज एकसारखेच काळे कपडे घालायचा, म्हणजे सकाळी डोक्याला ताप नाही. अनवाणी चालत चालत धंद्याचं बोलायचा. निर्णयाच्या आधी डोळे मिटून बसायचा. आणि एक दिवस सगळा पसारा काढून टाकून त्यानं एकच वस्तू विकायला ठेवली, तर लोकांच्या रांगा! मामा, अंगावर काटा आला. आपण इतकी वर्षं काय करून राहिलो?

आल्या आल्या काळे कपडे शिवायला टाकले. सुरतेचा एजंट आला, त्याच्याशी बोलत अनवाणी स्टेशनपर्यंत निघालो. एप्रिलचं ऊन, डांबर पातळ झालेलं. (त्या माणसाच्या गावात ऊन कसं असतं हे व्याख्यात्यानं सांगितलं नव्हतं.) येताना एजंटनंच मला उचलून रिक्षात घातलं. सुकन्यानं तळपायाला लोणी चोळलं, आणि चोळताना जे बोलली ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.

मग दुकान. साड्यांचे गठ्ठे मागच्या खोलीत कोंबले, गादी उचलली, मधोमध काचेचा टेबल ठेवला, त्यावर आंब्याच्या रंगाची एकच काठपदर साडी आणि वर दिवा. लग्नसराई ऐन भरात. तेवढ्यात सीमेपलीकडून, कर्नाटकातून क्रूझर भरून दानम्मा अक्का बस्त्याला आल्या. त्यांच्या घरच्या सगळ्या लग्नांचे बस्ते माझ्या वडिलांच्या काळापासून आपल्याच दुकानात. तुम्ही जाणताच, बस्ता म्हणजे दिवसभराचं काम. नवरीची, विहिणीची, मानाची, आहेराची, सगळं उलगडून ढीग पडल्याबिगर बाया चहालाही हात लावत नाहीत. अक्कांनी टेबलाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ‘इदेनु?’ म्हणाल्या, म्हणजे हे काय? मी म्हणालो, अक्का, निवडायचा तुमचा त्रास वाचवलाय. त्यांना वाटलं दुकानात चोरी झाली, बिचाऱ्या हळहळल्या. पण लग्नाच्या खरेदीला माझे काळे कपडे आडवे आले म्हणून नवरीची मावशी लई भडकली आणि सगळ्या जणी परत गाडीत जाऊन बसल्या.

सुकन्या साड्या घेऊन गाडीमागं पळाली. मी डोळे मिटून बसलो, कारण निर्णयाची वेळ होती. ती परत येऊन बरंच बोलली. मी ऐकलं नाही, चिंतन मोडतं. शेवटी एवढंच कानावर आलं, “मागचा माल पसाराच हाय नव्हं तुमच्या लेखी? मग मी नेते.” मी डोळे न उघडता मान हलवली. लई वेळानं उघडले, तर मागची खोली रिकामी आणि टेम्पो कंधारच्या रस्त्याला लागलेला.

असो. माझं उत्तम चाललंय. दुकानात शांतता आहे. घरातही आहे. (जरा जास्तच आहे.) तुम्हीही शेतात या विचारांचा लाभ घ्यावा. मामींना नमस्कार.

आपला जावई,
दयानंद

ता. क. टेबलावरची साडी परवा विकली गेली. आता टेबल आहे आणि दिवा आहे.

ता. क. दुसरा. टेम्पोवाला लखन सांगत होता, सुकन्यानं तुमच्या ओसरीत गादी टाकली, अक्कांचा बस्ताही तिथंच झाला, आणि आता उलगडलेल्या साड्यांना घडी घालायला माणूस पुरत नाही. मामा, खरं सांगतो, घर खायला उठतंय. तिच्याबिगर मला करमत नाही. घडी मला चांगली घालता येते. ठेवून घेते का, एवढं विचारा. मी विचारायला लावलं म्हणू नका. तुमच्याच मनात आलं म्हणा.

ता. क. तिसरा. पत्र लखनच्या हाती देतोय. उत्तर त्याच्याच हाती लगेच द्या, उदगीरला पाठवू नका. मी कंधारच्या स्टँडवर बसलोय.