बाबांचा ताप सदतीस

गांधीबाग, नागपूर
भाद्रपद, १९६४

ती. महादेवकाकांस अनंताचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे आणि काकूंचा दमा कसा आहे ते कळवावं. आमच्याकडचं कुशल सांगायला जरा वेळ लागेल, तेव्हा बसूनच वाचावं.

बाबांना ताप भरला होता. जुनं थर्मामीटर सुमतीच्या (आपल्या सूनबाईच्या) हातून फुटलं, म्हणून मी बाजारातून नवं आणलं. लावलं तर एकोणचाळीस! सकाळीच एकशे दोन होता माणूस. सुमती म्हणाली, "नव्या मापाचं असंन ना जी." मी म्हटलं, नवी मापं मला शिकवू नकोस. (शाळेत मी तीच शिकवतो, हे आपण जाणताच.) कामठी जुन्या मापानं दहा मैल, नव्यानं सोळा किलोमीटर. म्हणजे नव्या मापात आकडा वाढतो. तेव्हा हे एकोणचाळीस जुन्या हिशेबानं जेमतेम चोवीस! म्हणजे बाबा गार पडत चालले होते!

त्यात आकडा उतरू लागला. अडतीस झाला तेव्हा गरम विटा आणि घोंगड्या झाल्या. सदतीस झाला तेव्हा यमुआत्यानं गंगाजळ काढलं. बाबांना दरदरून घाम सुटला होता आणि ते पिठलं मागत होते. आत्या म्हणाली, "शेवटची इच्छा हाय वं सुमती, देऊन टाक." काका, आज हसू येतं, पण तेव्हा बाप जातोय या भीतीनं मी मोरीत जाऊन रडलो.

त्याच घटकेला बाबा म्हणाले, "महादेवले बोलवा गा. मले त्याले पाहाचं हाय." शेताचा बांध कोणाच्या हातानं मोजायचा (बाबांचा हात आपल्यापेक्षा चार बोटं लांब) यावरून आपण दोघे बोलेनासे झालात, तेव्हापासून आपलं नाव या घरात काढायची सोय नव्हती.

मग डॉक्टर आले, त्यांनी थर्मामीटर पाहिलं आणि हसत सुटले. नव्या मापात सदतीस म्हणजे माणूस ठणठणीत. सुमती माझ्याकडे पाहत एकेका घोंगडीची घडी घालू लागली. काकूंना नमस्कार सांगावा.

आपला,
अनंता

ता. क. बाबांना हे सांगू नका म्हणून मी डॉक्टरांचे पाय धरलेत. बाबांना 'मी चाललो' असं वाटतंय तोवरच निघा, नाहीतर स्वारी पुन्हा बांधावर जाऊन बसेल. मी रोज थर्मामीटर पाहून मान हलवतो. पण आज ते तीन भाकरी जेवले, फार दिवस निभणार नाही. येताना चेहरा जड ठेवावा.

ता. क. (भाऊ देवाजीच्या हातचं) महादेवा, अनंता पाकीट चिकटवाले गोंद शोधून राहिला तवा हे वाचलं. डॉक्टर मले तवाच कानात सांगून गेला. पोरगा एवढं तोंड पाडून मान हलवते, म्हणून मीबी कण्हून घेतो. तू ये गा. बांध मीटरनं मोजू. तुहा हात मले मोजाले नाही, धराले पाहिजे.