चार वेळा आत घेतलेला कोट

वन्सं,

तुम्हाला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. मी तुमचे रिपोर्ट घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लावायला पुढे जातेय. दहा वाजता तुमचे बंधुराज तुम्हाला घेऊन येतील. जिना उतरताना त्यांचा हात धरा. लाज वाटली, तर आपणच त्यांना सांभाळतोय असं समजा.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉइड जास्त काम करतंय, त्यामुळे वजन उतरतंय, हृदय बसल्या जागीही धावतंय आणि मधेच ठोके चुकतायत. औषध वेळेवर सुरू झालं तर बहुतेकदा ताळ्यावर येतं, पण आता उशीर नको.

तेव्हापासून तुमचा ग्रंथालयात कामावर घालायचा कोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सहा महिन्यांत मी तो चार वेळा उसवून शिवणीत आत घेतला. दर वेळी टेप लावून म्हणाले, "वन्सं, आम्हालाही सांगा की बारीक व्हायची युक्ती!" तुम्ही म्हणालात, "छातीत धडधडतंय गं," तर मी विचारलं, "कोण आहे तो?" तुम्ही हसलात आणि विषय तिथेच संपला. माप घेताना ती धडधड माझ्या हाताला लागली होती. मला वाटलं, जिना चढून आलात म्हणून असेल. पुस्तकात बघून शिवण शिकलेल्या बाईला इंच तेवढे कळतात, असं म्हणा हवं तर. ऐकून घेईन.

डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र "काही नाही, वय झालं" म्हणू नका. सगळं सांगा. मी शेजारीच बसेन आणि या खेपेला मध्ये बोलणार नाही.

तुमची भावजय