शिळ्या पाण्याचा तांब्या

सोम. ३ नोव्हें.
आईच्या खोलीत वास. गटाराचाच, शंका नको. सकाळी तिने चहा हॉलमध्ये घेतला, नाकाला पदर लावून. "सुमे, तुमच्या नव्या बिल्डिंगचं पोट बिघडलंय." मी म्हटलं, विठ्ठलवाडीला नाल्याला लागून जन्म काढलास, तेव्हा नाही नाक धरलंस. म्हणाली, "तिथला वास दाराबाहेर होता. दार लावलं की संपला."
ऑफिसला उशीर होत होता, निघाले.

बुध. ५
दोन संध्याकाळी उदबत्त्या लावल्या. आता मोगरा आणि गटार जोडीने येतात. अजयने ऑफिसातून येताना डांबरगोळ्या आणल्या. मग तिच्या खोलीबाहेरच्या बेसिनखाली वाकून बघितलं तर पाइप जमिनीतल्या भोकात नुसता सोडलेला, भोवती बोटभर फट. पांढरं सिमेंट भरलं. स्वतःवर फार खूश. आई जावयासमोर "गेला हो वास, अजयराव" म्हणाली आणि त्याची पाठ वळताच खिडकी उघडली.

शुक्र. ७
वास आहेच. हाफ डे टाकून सोसायटीच्या सेक्रेटरीला धरलं, खालचं चेंबर उघडायला लावलं. साफ. पाणी धो धो वाहतंय. "मॅडम, सिर्फ आपके यहाँ आता है. बाकी कोणाची कम्प्लेंट नाही." तेही आईने वरून खिडकीतून ऐकलं.
वर आले तर तिची पिशवी दाराशी. तशी ती भरलेलीच असते. कपडे, औषधं, तिचा तांब्या, सगळं वापरून परत पिशवीत. तिच्यासाठी घेतलेलं कपाट रिकामं. "लेकीच्या घरी चार दिवस राहावं, मुक्काम ठोकू नये. त्यात मी येऊन महिना होतोय तोच हा वास." डोकंच फिरलं माझं. पायगुण कधीपासून मानायला लागलीस, विहारात सांगू का सगळ्यांना? हसली नाही.
चाळीतल्या खोलीची चावी अजून कमरेला. तिथे ती एकटी. मोरीत घसरून पडली आणि शेजारीण कामावरून परत येईपर्यंत तशीच... लिहवत नाही. म्हणून तर इथे चिखलोलीला आणली. जाऊ द्यायची नाही.
रविवारपर्यंत थांब म्हटलं. थांबते म्हणाली.

रवि. ९
तिची खोली रिकामी केली. मेलेला उंदीर सापडेल अशी आशा होती (आशा!). नाही सापडला. राहिलं तिच्या खोलीला जोडलेलं बाथरूम. तिथे तिची निळी पिंपं, आली तेव्हा टेम्पोतून बरोबर आणलेली. नळाला पाणी आहे, गच्चीवर टाकी आहे, किती सांगितलं. "पाण्याचा काय भरवसा?" पिंपं गच्च भरलेली, वर झाकण, झाकणावर फडकं. अंघोळीला येते आमच्या बाथरूममध्ये. त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही.
पिंप हलेना, म्हणून अर्धं ओतलं. आई ओरडलीच, "अगं, भरलेलं पाणी!" फरशीतल्या जाळीतून गडगड बुडबुडे आले. फरशी पुसेपर्यंत वास कमी. संध्याकाळी नाहीच.
अजयने जाळी उचलून टॉर्च मारला. खाली वाटीसारखा खोलगट भाग, त्यात पाणी उभं. ते पाणीच गटाराची हवा अडवतं. आई आल्यापासून तिथे थेंब पडला नव्हता. ऑक्टोबरच्या उकाड्यात सुकून गेलं असणार.
म्हणजे आईचीच पिंपं. अजय हळूच म्हणतो, "सांगू नकोस तिला." न सांगून कसं चालेल? सुकलं की परत वास.

सोम. १०
सांगितलं. चहा पिताना, सरळ. तिचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे माझ्यामुळेच." मला रडू यायला लागलं. म्हटलं, तू गेलीस तर त्या बाथरूममध्ये पाणी कोण ओतणार? तू गेल्यावर तर जास्तच वास येईल! म्हणायचं होतं राहा, बोलले हे असलं.
"रोज चांगलं पाणी गटारात ओतायचं? मला नाही जमणार." चाळीच्या नळावर एकेका हंड्यासाठी भांडलेली बाई ती. तिला कसं जमणार?
पण पिशवी दाराशी नाही आज.

गुरु. १३
सकाळी तिच्या बाथरूममधून आवाज. डोकावले. तिचा तांब्या, लग्नातला, नाव घातलेला. रात्री उशाशी भरून ठेवते. त्यातलं उरलेलं पाणी जाळीवर ओतत होती, हळूहळू. मला बघून दचकली. "शिळं पाणी टाकायचंच असतं. इथे टाकलं तर काय बिघडलं?" परवापासून चाललंय म्हणे. बाहेर येऊन अजयला मिठी मारली. त्याच्या तोंडात ब्रश.

रवि. १६
आई विठ्ठलवाडीला गेली. शेजारणीच्या नातवाचं नामकरण. चार दिवसांत येते म्हणाली. चाळीत गेली की चाराचे किती होतील, कुणी सांगावं. चावी कमरेला, पिशवी मांडीवर. रिक्षातून अजयला म्हणाली, "अजयराव, सकाळचं पाणी विसरू नका. सुमीचा भरवसा नाही."
वर आले. गादी गुंडाळलेली. एक पिंप रिकामं करून पालथं घातलंय. त्यावर तांब्या, घासून लख्ख. म्हटलं विसरली. पण ती कसली विसरतेय?
भरून तिच्या उशाशी ठेवलाय. सकाळी ओतीन.