दगडांची शाशु

प्रिय झाउरेश विहीणबाई,

काल तुमचा फोन आला तेव्हा मी नुसती 'हो हो' म्हणत राहिले. फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले, चहा उकळून काळा झाला तरी भान नाही. सून उंबरा ओलांडते तेव्हा तिच्यावर मिठाईची शाशु उधळायची, हे आपल्यात सासरच्या बाईचं काम. तरी तुम्ही तो मान मला दिलात. म्हणालात, तुमच्या हाताला बरकत आहे. माझ्या हाताला! तेव्हाच बोलायला हवं होतं, ते राहून गेलं. म्हणून लिहायला बसले आहे.

माझ्या तोग्झानने तुम्हाला हसत हसत सांगितलंच असेल, की आमची आई संगणकावर अंतराळयानं बांधते. तांब्याच्या कारखान्यात जन्मभर क्रेन चालवली, आणि निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं. लेक शिकायला अल्माटीला. तिनेच तो खेळ लावून दिला. अंतराळात दगड फोडायचे, धातू गाळायचा, तुकड्याला तुकडा जोडून यान उभं करायचं. कुठकुठची पोरं त्या एकाच आकाशात खेळत असतात. आम्ही मायलेकी संध्याकाळी तिथे भेटायचो. तिथवर सगळं छान होतं.

पण तिथे लढायाही होतात, आणि खऱ्या तोफेला लागणारा धातू आमच्यासारख्यांच्या नशिबी नसतो. मग ज्याच्या हाती जे असेल तेच हत्यार. कोणी खाणीतलं गिरमिट यानाच्या नाकाला लावतो, कोणी जुनं इंजिन पेटवून सोडून देतो. मला क्रेनची सवय. लोंबतं ओझं सोडलं की कुठे जाईल, हे मला डोळे मिटून कळतं. मी एक पेटी दगडांनी भरली, यानाच्या पोटाला अडकवली, भरधाव निघाले, ऐन वेळी पकड सोडली आणि स्वतः बाजूला वळले. तिथे वारा नाही, अडवणारं काही नाही. पेटी त्याच वेगाने पुढे गेली, तिचं झाकण उघडलं आणि दगड पसरत गेले, लग्नातल्या मिठाईसारखे. मी त्या हत्याराचं नाव ठेवलं शाशु. आता ते नाव आठवलं तरी कानशिलं तापतात.

पोरांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. आपा आली, पळा पळा, असं म्हणायचे. क्रेनवर असताना कधी कोणी माझं नाव विचारलं नव्हतं, बाई. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. एका बर्फाळ चंद्राजवळ एक जुनं स्थानक उभं होतं. दिवे नाहीत, तोफ नाही, हाक मारली तर उत्तर नाही. कोणीतरी म्हणालं, "आपा, या म्हाताऱ्या गोठ्यावर उधळा की तुमची मिठाई!" मी उधळली. मधोमध फुटलं ते. आत एक गोल खोली दिसली, तंबूघरासारखी, वर छताचं कडं, मध्ये ठेंगणं मेज, भोवती गाद्या. क्षणभर चुकचुकले. आणि मग हसले. म्हटलं, जिथे वाराच नाही तिथे तंबू कोण बांधतं रे? माझ्या हसण्यासकट ते चित्रण मी सगळ्यांना दाखवलं.

ते स्थानक कोणाचं, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. सोयरीक ठरवायला आम्ही तुमच्याकडे आलो, तुम्ही माझ्या खांद्यावर चापान, तो मानाचा झगा, घातलात, आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत साबिरझान व्याह्यांबद्दल सांगू लागलात. फुप्फुसं थकली, कुरणावर जाणं सुटलं, तेव्हा अंथरुणात बसून त्यांनी आपल्या आईचं तंबूघर त्या खेळात बांधलं. गुरांपासून, माश्यांपासून दूर, असं म्हणून तुम्हाला हसवायचे. ते गेल्यावर तुमचा येरासिल तुम्हाला तिथे नेऊन बसवायचा. आता म्हणे दुरुस्ती चालू आहे. लग्न झालं की सुनेला तिथे नेऊन सासऱ्याच्या छताला सलाम करायला लावणार, असं तुम्ही म्हणालात. माझ्या हातातला मांसाचा घास हातातच राहिला. तुम्हाला वाटलं मीठ कमी पडलं.

अंगणात येरासिल माझ्यामागे आला. त्याने ते चित्रण केव्हाच पाहिलं होतं, माझा आवाज ओळखला होता, आणि तरी माझ्या लेकीला मागणी घातली होती. एवढंच म्हणाला, "आपा, आईला कळू देऊ नका. मी जुळवतोय." मी त्याच्या पाया पडायला हवं होतं. त्याऐवजी मान डोलावली आणि आत येऊन तुमच्या हातचा चहा प्यायले. तेव्हापासून आम्ही दोघं तुकडे गोळा करतोय. जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्यांचं हजार वर्षांचं, असं आपली माणसं म्हणतात. मी पहिल्याच दिवशी तुमच्याशी खोटं वागले.

स्थानक आता उभं राहिलंय. भिंती जुन्याच आहेत, पण त्या खोलीतलं काही उरलं नव्हतं. ती आम्ही अंदाजाने मांडली. येरासिल म्हणतो, आईला कळणार नाही. मला माहीत आहे, कळणार नाही. म्हणूनच झोप उडाली आहे. तुम्ही माझ्या हातच्या खोलीत नवऱ्याला शोधत बसाल, आणि माझी पोर सासऱ्याचं समजून माझ्याच पापापुढे वाकेल. ते मी होऊ देणार नाही. पोराला रागावू नका, त्याने जे लपवलं ते तुमच्यासाठी. लेकीचा यात काही दोष नाही, तिला अजून ठाऊकही नाही. जी शिक्षा द्यायची ती मला द्या. आणि रागाला बाजूला सारता आलं, तर मला एवढंच सांगा: चहाची किटली व्याही कुठल्या बाजूला ठेवायचे, आणि तुम्ही तिथे आलात की तुम्हाला कुठल्या गादीवर बसवायचे? तुमच्याशिवाय हे कोणालाच माहीत नाही. मेज तेवढं मी रिकामं ठेवलं आहे.

चापान दारामागे टांगला आहे, अजून अंगाला लावलेला नाही. म्हणाल तर घालून येईन, म्हणाल तर घडी करून परत पाठवीन.

म्हणू दिलंत तर तुमचीच,
कुलझिपा