कळपाचा आकडा

वाळूज

तीर्थरूप आबांच्या पायाशी सत्यशीलाचा नमस्कार.

तुमचा फोन लागत नाय, म्हणून मामाच्या हाती चिठ्ठी देते. मी खुशाल हाय. शाळेतली लेकरं लई जीव लावतात. धरणाकाठी चारा पुरतोय का? मेंढरं बरी हायत ना?

सोमवारी तपासणीला साहेब आले. लेकरांना त्यांच्या घरातलंच विचारून शिकवा, असं ते आम्हाला सांगतात. माझ्या वर्गात तुळसा हाय, आपल्यासारखीच मेंढपाळाची लेक. साहेबांनी तिला मायेनं विचारलं, "तुमच्या घरी मेंढरं किती?" तुळसा मान खाली घालून गप्प. साहेबांनी लिहून टाकलं, "मोजता येत नाही."

परक्याला कळपाचा आकडा सांगू नये, नजर लागते, हे तुम्हीच मला शिकवलं. त्या वर्गात तुळसा सोडून ते मला एकटीलाच ठाऊक होतं, तरी मी साहेबांना सांगितलं नाय. उद्या साहेबांकडं जाऊन तो शेरा बदलून घेते.

मायचे गुडघे कसे हायत?

आबा, एक सांगायचं राहिलं. तुळसाला समजावं म्हणून साहेबांनी मग मलाच विचारलं, "बाई, तुमच्या घरी किती?" मी पटकन आपल्या कळपाचा आकडा सांगितला. तुळसा माझ्याकडं बघतच राहिली.

मेंढरं बरी हायत ना?

तुमचीच,
सत्या